शंखबाईंची सहा शंखांची रांग

वन्सं, काल तुमच्या शोकसभेत संग्रहालयाच्या संचालकांनी पडद्यावर काय दाखवलं असेल? तुमची तीच सहा शंखांची रांग! वर म्हणे, "हीच बाईंची अमर कामगिरी." मी उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, हिला रडू आवरेना. कसलं रडू! तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेव्हा आता तुमची गोष्ट सगळ्यांना एकदा धड सांगून टाकते.

माझ्या या नणंदेला सगळे शंखबाई म्हणत. त्या संग्रहालयात जीवाश्मांच्या विभागात होत्या. गावाबाहेर मातीची खाण होती, फार पूर्वी तिथे तळं असणार. थराथरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे दगड झालेले शंख निघत. ऐन तारुण्यात बाईंनी त्यातले सहा निवडून काचेखाली मांडले. तळाच्या थरातला पातळ, रुंद तोंडाचा, अगदी वरचा जाड, अरुंद तोंडाचा, मधे पायऱ्या. एक जात हळूहळू बदलून दुसरी झाली, अशी पाटी लावली. ती रांग शाळेच्या पुस्तकात छापून आली. माझा नवरा बहिणीच्या जिवावर कितीतरी दिवस कॉलर ताठ करून फिरला.

निवृत्तीनंतर बाईंनी स्वयंपाकघरात काचेच्या टाक्या मांडून जिवंत गोगलगायी पाळल्या. मी करवादले, "वन्सं, भाजी कुठे चिरू? तुमच्या लेकरांच्या डोक्यावर?"

"चीर. पाला तेवढा त्यांना टाक."

एकाच आईची पिल्लं त्यांनी दोन टाक्यांत वाटली. एकीत जाळीआड खेकडा ठेवला. खेकड्याच्या शेजारात वाढलेली पिल्लं जाड, अरुंद तोंडाची निघाली. दुसरीकडची पातळ, रुंद तोंडाची. सख्खी भावंडं, आणि रांगेच्या दोन टोकांना शोभतील अशी!

मग संग्रहालयात जाऊन त्यांनी जुने खण उपसले. ओठ, म्हणजे तोंडाची कड, तुटून पुन्हा सांधलेले शंख त्यांनी तेव्हा "खराब" म्हणून बाजूला टाकले होते. फोटोत वाईट दिसतात ना! आता तेच भिंगाखाली धरले. त्या खुणा खेकड्याच्या नांगीच्या, आणि बहुतेक सगळ्या वरच्या थरातल्या. म्हणजे जात बदललीच नसेल, शेजारी बदलला असेल.

संचालक त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"रांग काढ," बाई म्हणाल्या.

"टाकीतल्या गोगलगायींवरून अख्ख्या तळ्याचा इतिहास ठरवायचा, बाई?"

"अरे, ठरवू नकोस असंच म्हणतेय! नुसत्या आकारावरून सांगता येत नाही, असं लिही पाटीवर."

"'सांगता येत नाही' हे वाचायला कोण येईल? आणि नाचक्की तुमचीच होईल."

"माझं नाक आहे. कापायचं तर मी कापीन!"

तो गोड हसला. बाई घरी येऊन चप्पल भिरकावत म्हणाल्या, "गोगलगाय अन् पोटात पाय! मेला हसतो कसा!"

नवं दालन उघडलं तेव्हा त्या रांगेवर खास दिवा सोडलेला. सत्काराला बाई माइकपाशी गेल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ही मांडणी चूक आहे. मला हवे तेवढेच शंख मी निवडले." टाळ्यांचा कडकडाट! "केवढा विनय!" म्हणत एकीने तर डोळे पुसले. बाईंनी पुष्पगुच्छ संचालकाच्या छातीवर कोंबला आणि चालू पडल्या.

रस्त्यात त्या तणतणत होत्या. "ओरडून सांगितलं तरी टाळ्या पिटतात! आता पुरावाच नेऊन आदळते. आपण दोघी खाणीवर जाऊ. प्रत्येक थरातली घमेलंभर माती आणू. या खेपेला निवडायचं काही नाही. निघेल ते सगळं मोजायचं, फुटकंतुटकंसुद्धा."

"आणि गुडघे, वन्सं?"

"गुडघ्यांना विचारतंय कोण?"

मी घमेली आणली. मग तुमचा गुडघा सुजला. तो उतरतो तोवर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. मग तुम्हीच म्हणालात, ऊन जरा उतरू दे. घमेली दारामागे कोरीच्या कोरी आहेत, वन्सं. खाणीवर काही आपलं जाणं झालं नाही.