वास येईपर्यंत

कडकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण! त्यांनी इस्त्री केलेली पँट इतकी कडक असायची, की ती घालून बसायचं तर आधी पँटची परवानगी घ्यावी लागे. आणि जीभ त्या पँटहून कडक. "डाग नीट निघाला नाही हो," असं कुणी म्हटलंच, तर डाग राहायचा बाजूला आणि गिऱ्हाइकाचीच धुलाई व्हायची. तरी लोक यायचे, कारण रावांचं नाक. कोट हातात आला की राव तो नाकाशी धरत, डोळे मिटत आणि सांगत, "कॉफी. उजव्या बाहीवर. आणि खिशात पेन गळलंय." गिऱ्हाईक गार!

आता आपल्यात म्हणून सांगायचं, तर त्या नाकात काही राम उरला नव्हता. कपडे ज्या द्रावणात धुवायचे त्याला राव 'औषध' म्हणत, आणि मागच्या कोंदट खोलीत जन्मभर हुंगलेल्या त्या औषधाने नाकाचा केव्हाच निकाल लावला होता. डोळे मिटायच्या आधीच राव डाग बघून घेत, खिसा चाचपून घेत, बाकी सगळं नाटक. घरी बायकोने पातेल्यावरचं झाकण उचललं की "वा! काय घमघमाट सुटलाय!" हे ठरलेलं. एकदा झाकण निघालं ते रिकाम्या पातेल्यावरचं. "अगं, थट्टा केली," म्हणून रावांनी वेळ मारून नेली.

एवढं लपवायचं कशाला, असं कुणीही विचारील. एक तर नाक गेलेला ड्रायक्लीनर म्हणजे बहिरा गवई. चार लोकांत तोंड कुठे दाखवायचं? आणि दुसरं म्हणजे लेक. तिला कळलं असतं तर त्याच दिवशी तिने दुकानाला कुलूप घातलं असतं, आणि जीव गेला तरी रावांना ते नको होतं.

लेक संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. दाट वस्तीतल्या लहानसहान धंद्यांतून हवेत काय काय सुटतं, त्याचा आजूबाजूच्या माणसांना किती धोका, आणि तेच काम विषारी रसायनांशिवाय कसं करता येईल, हा तिचा विषय. विषय तिला पुस्तकात सापडला नव्हता. लहानपणी बाबा घरी आले की त्यांच्या शर्टात तोंड खुपसून ती तो गोडसर वास घ्यायची. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका बाटलीचं बूच उघडलं, तर आतून बाबा आले! बाटलीवरची धोक्याची सूचना वाचून तिच्या अंगावर काटा आला होता.

तर या पोरीने एक नवं द्रावण शोधलं. डाग निघतो, कापड आटत नाही, विष नाही, वासही नाही. प्रयोगशाळेत सगळं जमलं होतं. आता खऱ्या दुकानात, खऱ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर करून दाखवायचं होतं. जमलं तर शहरातल्या सगळ्या लॉन्ड्र्यांमध्ये ही पद्धत जाणार, नाही तर प्रकल्प बंद आणि तिच्या तारुण्यातल्या सगळ्या वर्षांची माती. "घरच्याच दुकानात प्रयोग नको," असं विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या, पण दुसरा एकही लॉन्ड्रीवाला दारात उभं करेना. शेवटी रावांचं जुनं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलं आणि नवं बसलं.

त्याच्याबरोबर भिंतीवर एक पांढरी पेटीही बसली. दुकानातली हवा चांगली असली की तिचा दिवा हिरवा, बिघडली की लाल. राव तिला 'जावई' म्हणू लागले. "काही काम नाही, धंदा नाही, वर बसून नुसते आमचे दोष काढायचे! लेकीने आणला म्हणून ठेवून घ्यायचा, दुसरं काय!"

सुरुवातीला जावई अगदी खुशीत होते. हिरवे म्हणजे हिरवेगार. मग एके सकाळी शेजारच्या गल्लीतल्या वकीलबाई आल्या आणि त्यांनी आपला काळा कोट काउंटरवर आपटला.

"धुतलाच नाहीत तुम्ही हा!"

"काय बोलता! आरसा आणू का? चकाकतोय नुसता."

"चकाकू दे. वास कुठाय? ड्रायक्लीनचा वास कुठाय? हुंगा तुम्हीच! तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?"

झाली का पंचाईत! राव कोट नाकाशी धरून डोळे मिटून उभे राहिले. काय बोलणार, कप्पाळ? शेवटी मान हलवून म्हणाले, "हं. खरंय तुमचं." मग बँकेतले साहेब आले, मग सुटाबुटातला विमा एजंट. सगळ्यांचं एकच पालुपद: वास नाही म्हणजे धुलाई नाही. आणि वकीलबाई तर कोट तिथेच टाकून जाताना म्हणाल्या होत्या, "लेकीच्या नादी लागून धंदा बुडवाल हो!"

ते शब्द रावांना सुईसारखे टोचले. आपल्याला बोला, चालेल. पण पोरीच्या मशीनला नावं? त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं, माळ्यावरून जुन्या औषधाचा डबा काढला, चिंधी बुडवली आणि कोटाच्या अस्तरावर फिरवली. किती फिरवायची? वास येईपर्यंत. आता वास येणार कुठून? म्हणून घशात खवखव सुटेपर्यंत फिरवली. मग दुसरा कोट, मग तिसरा. वकीलबाई कोट न्यायला आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "याला म्हणतात धुलाई!" राव खूश. पोरीची अब्रू राखली, म्हणून स्वतःच्याच मिशीला पीळ दिला.

जावई मात्र लालबुंद झाले. त्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी लाल. लेक धावत आली. नळ्या तपासल्या, सांधे आवळले, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. जुन्या औषधाचा वास तिला येत होता, पण तो तर भिंतींत वर्षानुवर्षं मुरलेला, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही. राव शेजारी फेसाची वाटी धरून उभे, चेहरा असा की जणू त्या गावचेच नाहीत. "कुठून गळतंय बाबा, काहीच कळत नाही," ती म्हणे. "जावईच बिघडलाय," राव म्हणत, आणि खोकत. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं होतं. तिने पेटी बदलली. नवे जावई आले तेही लालच. रावांना वाटलं, मशीनच गळत असणार. चार चिंध्यांनी का कुठे हवा बिघडते?

विभागप्रमुख बाई पाहणीला यायच्या आदल्या दुपारी लेक कपड्यांच्या ढिगावर येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"बाबा, उद्या मीच सांगणार आहे, बंद करा म्हणून. माझ्या द्रावणातूनच काहीतरी सुटतंय. प्रयोगशाळेत दिसलं नाही, इथे दिसतंय. मी सगळ्या शहराला हेच वापरायला लावणार होते! शोभलं असतं का?"

रावांनी उगाचच इस्त्री उचलली, परत ठेवली. पोर स्वतःला दोषी ठरवत होती, आणि खरा चोर समोर कडक कॉलर घालून उभा. ते स्टुलावर चढले, माळ्यावरून डबा आणि चिंधी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"तुझं मशीन चांगलं आहे. सगळं मी केलं."

वकीलबाईंपासून सगळी कथा ऐकून लेक आधी थक्क झाली, मग अशी चिडली की इस्त्रीवाल्या टेबलाला धक्का बसून हँगर खाली पडले. "अहो बाबा! माझी झोप उडाली, आणि तुम्ही फेसाची वाटी धरून उभे होतात?"

"तुझ्यासाठीच केलं गं! लोक तुला नावं ठेवत होते."

"पण इतकं? पेटीतली नोंद कुठल्या कुठे गेलीय. एका कोटाला लावत होतात तरी किती?"

"थोडंसंच. वास येईपर्यंत."

खोली कोंदलेली होती, तिचं स्वतःचं डोकं दुखत होतं, आणि बाबा म्हणत होते 'थोडंसं'. तिने पिशवीतून एक बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली. "हे कसलं?"

रावांनी सवयीने डोळे मिटले. "जुनं औषध. कडक आहे हं!"

"पाणी आहे, बाबा. माझं प्यायचं."

रावांनी डोळे उघडलेच नाहीत. लेकीने बाटली बाजूला ठेवली आणि त्यांच्या कडक शर्टात तोंड खुपसून ती लहानपणीसारखी हमसून हमसून रडली. इस्त्री मोडली, तर रावांनी मोडू दिली.

दुसऱ्या दिवशी लेकीने विभागप्रमुख बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून रावांकडे असं बघितलं, की रावांना आपण तीन दिवस पाण्यात भिजलोय असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. डबा आजच्या आज केंद्रात जमा. आणि आता शहरातल्या सगळ्या ड्रायक्लीनर्सची नाकं तपासायची, सुरुवात यांच्यापासून. "म्हणजे पहिला नंबर माझा?" राव ताठ झाले. "आणि गिऱ्हाइकांना वास हवा असेल तर?" बाईंनी विचारलं. तेवढ्यात वकीलबाईच दारात आल्या. राव गरजले, "बाई, कपड्याला वास येतो म्हणजे औषध कपड्यातच राहिलं! भांडं घासून त्याला साबणाचा वास आला, तर चालतं का तुम्हाला?" वकीलबाईंनी अंगातला कोट काढून काउंटरवर ठेवला, परत धुवायला. वर जावई हिरवे व्हायच्या मार्गावर होते.

आता राहिली बायको. संध्याकाळी तिघं जेवायला बसताना रावांनी खाली मान घालून तिलाही सांगून टाकलं.

"माहीत आहे," ती ताटं मांडत म्हणाली.

"लेकीने सांगितलं?"

"ती काय सांगणार! दूध करपून धूर झाला, तरी तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात, तेव्हाच शंका आली. म्हणून तर ते पातेलं रिकामं ठेवलं होतं."

"मुद्दाम?"

"मग काय, प्रयोग करणारी लेक माझीच ना?"

लेक हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली. राव मात्र बायकोकडे बघतच राहिले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज 'वा' म्हणत होतात. ज्यांना वास येतो त्यांच्याही घरी रोज कोण म्हणतं हो! मी म्हटलं, म्हणू दे."

तिने झाकण उचललं. रावांनी सवयीने तोंड उघडलं आणि लाजून मिटलं.

"म्हणा, म्हणा," ती म्हणाली. "आज भरलेलं आहे."