हानोईभाऊचे बैल

आमच्या तांड्यावर दोन बैल असे होते की त्यांना मराठी कळत नसे. आम्हा बंजाऱ्यांची गोरमाटी कळत नसे, हिंदी कळत नसे, आणि काठी उगारली तर ते जागच्या जागी उभे राहून माणसाचीच कीव करत. मोऱ्या आणि गबऱ्या ही ती गवळाऊ जातीची जोडी. चालायची, थांबायची, वळायची ती फक्त व्हिएतनामी भाषेत. कळंबच्या बाजारात हे कुणी मला सांगितलं असतं तर मीही त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या बैलांमागे मी स्वतः नांगर धरला आहे.

त्यांना ही भाषा शिकवली माझ्या मोठ्या चुलतभावाने. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात आणि पलटणीच्या कागदात राहून गेलं. तांड्यावर तो हानोईभाऊ. तो पलटणीत ड्रायव्हर होता. व्हिएतनाममधली लढाई थांबून त्या देशाचे दोन तुकडे झाले, तेव्हा तहावर देखरेख करायला आपली माणसं तिकडे गेली. त्या साहेबांच्या जीपगाड्या चालवायला जे गेले, त्यांत हा एक. हानोई शहरात दीड-दोन वर्षं काढून छप्पनच्या दिवाळीनंतर तो घरी आला. पलटणीतून सुटला होता, फक्त राखीव यादीत नाव होतं. सोबत एक पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत लहान मुलांचं चित्रांचं वाचनपुस्तक. तिकडची भाषा इंग्रजी अक्षरांतच लिहितात, फक्त अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी टिंबं-टोप्या असतात. याला पलटणीत इंग्रजी अक्षरांतून हिंदुस्थानी वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे त्याची गाडी अडली नाही.

आम्ही घरात गोरमाटी बोलतो आणि बाजारात वऱ्हाडी. हानोईभाऊचं बोलणं मी इथे वऱ्हाडीत देतो, म्हणजे तुमचं-आमचं भागेल.

माणूस परदेशातून येतो तेव्हा तिथल्या इमारतींबद्दल सांगतो, बायांबद्दल सांगतो, निदान खाण्याबद्दल तरी सांगतो. हा सांगायचा ते एका म्हातारीबद्दल. गाड्या ठेवायच्या जागेसमोर तिचं चहाचं दुकान होतं. सकाळी हा गेला की ती विचारायची, ‘अन कम चुआ?’ म्हणजे जेवलास का? जेवलं असेल तर ‘झोय’ म्हणायचं, झालं जेवण. नसेल तर नुसतं ‘चुआ’, अजून नाही. इतकं त्याला येत होतं. पण एका सकाळी म्हातारी त्याच्यापुढे बसली आणि बोलतच राहिली. बोलता बोलता रडायला लागली. कुणाचं तरी नाव पुन्हा पुन्हा घेत होती. हा समोर चहाची वाटी धरून बसलेला.

“माणूस आपल्यापाशी रडते,” तो मला म्हणाला, “आन आपण बैलावानी मान हालवतो. लय वंगाळ वाटलं रे. मले तिथं पुन्हा जाऊन तिले इतकंच विचाराचं हाये, का तू कायले रडत होती.”

एवढ्याचसाठी त्याला परत जायचं होतं, आणि जायचं तर भाषा हवी होती. निघताना एक साहेब त्याला सहज बोलून गेला होता, की तिकडची भाषा येणारे ड्रायव्हर पुढे लागतीलच, तयारी ठेव, बोलावू. साहेब लोक निरोप देताना असं काहीबाही बोलतात. हे तांड्यावर सगळ्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त ह्यालाच, असं तेव्हा मला वाटे. आता वाटतं, त्यालाही कळत असावं. पण चोवीस-पंचविसाव्या वर्षी माणसाला धरायला काहीतरी लागतंच, आणि त्याच्या हाताला ते वाक्य लागलं.

सुरुवातीला तो संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायचा. आठवडाभर बसला, मग एक दिवस कंटाळा, मग दोन दिवस पाहुणे, मग पुस्तक ट्रंकेत. तुमचं-माझं होतं तेच. त्यात ती भाषा गळ्याची. आवाज खालून वर नेला तर एक अर्थ, वरून खाली सोडला तर दुसरा. ऐकणारा नसेल तर बरोबर की चूक ते कळायचं कसं? त्याच सुमारास काकांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, ही गोऱ्ह्यांची जोडी आणली. ती अजून जुवाखाली गेली नव्हती. हानोईभाऊने ती शिकवायला घेतली आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, की ह्यांच्याशी बोलायचं ते तिकडच्याच भाषेत. चल म्हणायला ‘दी’. थांब म्हणायला ‘झुंग लाय’. चढावर, चिखलात, जड मातीत जोर लावायला ‘को लेन’. तिकडे हे माणसंच एकमेकांना म्हणतात, हिंमत धर, अजून थोडं.

“बैलाले काहून शिकवतं?” मी विचारलं.

“मन रोज लागत नाही,” तो म्हणाला, “पण बैल तं रोज जुपाच लागते ना!”

त्याची सारी हुशारी मला ह्या एका वाक्यात दिसते. मनाची वाट पाहायची नाही. जे काम टाळताच येत नाही, त्याच्या शेपटाला आपला अभ्यास बांधून टाकायचा. शिवाय बैल हे मास्तर म्हणून फार कडक. आवाजाचा चढ-उतार रोज सारखा पडला नाही तर ते हलत नसत. कधीकधी तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून एकच शब्द चार तऱ्हांनी ओरडे आणि दोन्ही बैल मान वळवून त्याच्याकडे पाहत. शेजारच्या वावरातल्या बाया हसून हसून खाली बसत.

हसत नसत ते एक काका. काकी वारल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. भाकरी माझी याडी करून पाठवायची. याडी म्हणजे आई. काकांच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातलेला, आणि बैलाशी कसं बोलावं हे आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं ठाम मत. संध्याकाळी घरात पाय ठेवताच हानोईभाऊ विचारायचा, ‘बापू, अन कम चुआ?’ उत्तरात शिवी यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा शिवी. शिव्या मात्र काका रोज नव्या द्यायचे, त्यात त्यांनी कधी चुकारपणा केला नाही. तांड्यावर त्याला उत्तर देणारा मी एकटाच होतो, आणि तेही बऱ्याचदा ‘चुआ’, त्याच्या वाट्याची गोड भाकर मिळेल म्हणून.

एकदा पुसदकडच्या तांड्यावरून सोयरीक आली. मुलीच्या बापाने विचारलं, पोरगा काय करतो? काका म्हणाले, “बैलाशी बोलते.” हे त्यांनी कौतुकाने नव्हे, चिडून सांगितलं होतं. पाहुण्यांनी बाहेर येऊन गोठ्याशी कान लावला, आतली ती भाषा ऐकली आणि त्याच पावली ते गेले. काकांचा पारा असा चढला, की येत्या बाजारी जोडीच विकायची असं त्यांनी ठरवलं. बैल गेले की पोराचं डोकं ठिकाणावर येईल.

बाभुळगावच्या बाजाराला मीही गेलो होतो. बैल दुसऱ्या गाडीमागे बांधून आणले तोवर ठीक. जोडी देखणी, गिऱ्हाईक लगेच चिकटलं. त्याने जोडी आपल्या गाडीला जुंपून पाहिली. चल म्हणाला, हो म्हणाला, शेपटी पिरगळली. बैल शांतपणे समोरच्या लिंबाकडे पाहत होते.

“बैरे हायेत का जी?” गिऱ्हाईक म्हणालं.

“बैरे नाही.”

“मंग चालत काहून नाही?”

काकांनी तोंड उघडलं. क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील. एक ‘दी’ म्हटला असता तर तिथल्या तिथे सौदा झाला असता. त्यांनी तोंड मिटलं, बैल सोडून पुन्हा गाडीमागे बांधले आणि घराची वाट धरली.  म्हाताऱ्याला तो शब्द येत नाही की घशातून निघत नाही, ह्याचा मी चार कोस वाटभर विचार करत होतो.

मी त्या वेळी दोनदा मॅट्रिक नापास झालेला आणि तिसऱ्यांदा बसायची हौस नसलेला तरुण होतो. दिवसभर बाजेवर पडून मी पुढे काय करणार ह्याचे मोठे बेत करायचो. हानोईभाऊने कधी उपदेश केला नाही. फक्त एकदा म्हणाला, “तुयी इंग्रजी कशाले बांधली हाये?” मी म्हटलं, कशालाच नाही. “म्हणूनच पळते,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून गोठा झाडताना मी इंग्रजीचा एक धडा मोठ्याने म्हणू लागलो. गोठा झाडल्याशिवाय याडी चहा देत नसे, त्यामुळे धडा चुकत नसे. तिसऱ्या वेळी मी पास झालो आणि पुढे मास्तर झालो, ते त्या शेणाच्या पुण्याईने.

पण हानोईभाऊलाही खचताना मी पाहिलं आहे. तीन-चार वर्षं गेली. बोलावणं नाही. कळंबला चिंतामणीच्या देवळाजवळ एक दुकानदार वर्तमानपत्र घ्यायचा, तिथे जाऊन हा तिकडची बातमी शोधायचा. एक दिवस वाचून आला की तिकडे पुन्हा माणसं मरू लागली आहेत. ओसरीत बसून राहिला. “आता कोन बोलावते मले,” म्हणाला, “आन ती बुढी तरी कुठं राह्यली असन?” पुस्तक ट्रंकेत गेलं. सकाळी वावरात जाऊन त्याने बैल जुंपले आणि साध्या वऱ्हाडीत म्हणाला, “चाल रे.”

बैल हलले नाहीत. त्याने पुन्हा म्हटलं, मग ओरडला, मग कधी नव्हे ते चाबूक काढला. मी बांधावर होतो. मोऱ्याने मागे मान वळवली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. हानोईभाऊचा हात खाली आला. तो मातीत बसला, आणि बसल्या बसल्याच अगदी हळू म्हणाला, “दी.” जोडी चालू लागली. ह्याला उठून मागे धावावं लागलं. संध्याकाळी तो मला म्हणाला, “मी सोडून देल्ली होती रे. यायनं नाही सोडली.” पुस्तक पुन्हा बाहेर आलं. त्यानंतर त्याने कधी बोलावण्याचं नाव काढलं नाही, पण सरावात एक दिवसाचा खंड पडू दिला नाही.

बोलावणं बासष्टच्या दिवाळीच्या तोंडावर आलं. कागद पाहून त्याचा चेहरा उजळला आणि वाचून झाल्यावर शांत झाला. उत्तरेच्या सीमेवर लढाई सुरू झाली होती, राखीव ड्रायव्हर बर्फात हवे होते. ज्या भाषेसाठी त्याने सहा वर्षं घसा कोरडा केला, ती समजणारा तिथे कुणी नव्हता. त्याने कुरकुर केली नाही. निघायच्या आधी मला वावरात नेलं आणि ते शब्द माझ्या तोंडून घोटून घेतले, कारण कापसाच्या गाड्या यवतमाळला न्यायच्या होत्या आणि बैल अडून चालणार नव्हतं. माझ्या ‘को लेन’वर बैल ढिम्म. “वर ने आवाज, वर! मागून कोनी ढकलते असा!” अखेर माझ्या आवाजाला गबऱ्याने पाऊल उचललं, तेव्हा हा पोरासारखा टाळ्या पिटत होता.

कळंबच्या मोटार स्टँडवर काका आले होते. बाप-लेक एकमेकांकडे न पाहता उभे. गाडी सुटताना हानोईभाऊने खिडकीतून सवयीने विचारलं, “बापू, अन कम चुआ?” काका दुसरीकडे पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी शिवीही दिली नाही. मला मात्र तो ओरडून म्हणाला, “को लेन!”

महिन्याभरात पोलीसपाटील निरोप घेऊन आला. डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली होती. मला फार रडू आलं. तो गेला म्हणून आलं, आणि ती म्हातारी कशाला रडत होती हे आता कुणीच कधी विचारणार नाही म्हणूनही आलं. काका रडले नाहीत. ते ओसरीत बसून राहत आणि भाकरी तशीच परत येई. बैलही बांधलेलेच होते.

मग एका सकाळी मी गोठ्यात गेलो तर बैल नव्हते, आणि ओसरीत काकाही नव्हते. जोडी माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, म्हातारा कुठे अडकला असेल ह्या धास्तीने मी याडीने दिलेली भाकरी घेऊन वावराकडे धावलो. लांबूनच नांगर चालताना दिसला. मागे काका होते. चढावर मोऱ्या थबकला, तसा त्यांचा आवाज आला, “को लेन.” बरोबर खालून वर जाणारा, मागून कुणी ढकलावं तसा. हानोईभाऊचाच आवाज, फक्त म्हातारा झालेला. धुऱ्याशी आल्यावर ते “झुंग लाय” म्हणाले आणि बैल थांबले. एकाही शब्दाला त्यांना अडखळावं लागलं नाही.

मी जवळ गेलो. भाकरीचं फडकं पुढे केलं. काका बांधावर बसले, फडकं सोडलं, आणि वर न पाहता मला विचारलं,

“अन कम चुआ?”

याडीने मला घरी खाऊ घालूनच पाठवलं होतं. तरी मी म्हणालो, “चुआ.”

त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.