चाकणहून हलवलेला बाजार

"मॅडम, गाडी बाजारात अडकलीय. पुढं भाजीवाले, मागं बकऱ्या. हॉर्न मारला तर लोक अंगावर आले."

फोनवर लतीफभाई. पिंपरीचे, आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांच्या ट्रेलरवर आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये बनलेला जनरेटर होता, आणि ट्रेलर होता आसामात, भूतानच्या सीमेला लागून असलेल्या एका जिल्ह्यात. तिथल्या सरकारी दवाखान्यात लाइट गेली की ऑपरेशन थांबतं. जनरेटर उतरवायला लांबून क्रेन मागवली होती. अंधार पडायच्या आत ती परत जाणार. पुन्हा कधी मिळेल, कुणी सांगेना.

मी डिस्पॅच बघते. म्हणजे माल कुठल्या रस्त्यानं जाणार आणि कधी पोचणार, ते ठरवते. थेरगावच्या आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि हा रूट मी काढलेला. हायवेवरचा पूल जड गाड्यांना बंद, म्हणून गावातला रस्ता शोधला. रस्ता बरोबर होता. आज त्याच्यावर बाजार भरतो, हे नकाशात नव्हतं.

"लतीफभाई, तिथला पाटील गाठा. तो करेल सगळ्यांना बाजूला."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "चार पाटील भेटले मॅडम. एकाचं दुसरा ऐकत नाही, आणि मला कुणाचंच कळत नाही!"

आमचे मॅनेजर देशमुख सर खुर्चीतून उठले. "क्रेन कॅन्सल कर."

"सर, एक चहा घ्या. तेवढ्यात बघते."

मी पळतच असेंब्ली लाइनवर गेले. "त्या जिल्ह्यातलं कोण आहे?" तीन हात वर. बोडो बिजय, संथाळ फुलमनी आणि बंगाली बोलणारा अनवर. मला वाटलं एक पुरे. बिजयचा हात धरला.

"एकट्याचं काम नाही मॅडम," तो हिंदीत म्हणाला. "डोंगराखालचे आम्ही. चहाच्या मळ्यातली हिची माणसं. नदीकडून भाजी आणतात ती अनवरची. बाजारात ज्याची त्याची रांग, आणि रांगेचा म्हाताराही ज्याचा त्याचा."

तिघांना ऑफिसात आणलं. व्हिडिओ कॉल लावला, आवाज फुल. लतीफभाई फोन पुढं धरून रांगेरांगेतून निघाले. बिजयनं दवाखान्याचं सांगताच पहिल्या म्हाताऱ्यानं मान हलवली. फुलमनीला एका आजीनं आधी गाव विचारलं, मग आई विचारली, मगच टोपली उचलली. तेवढ्यात अनवर ओरडला, "अरे, ये तो मेरा मामू है! मामू, बैंगन उठाओ!"

ऑफिसात हशा. ताडपत्र्या उठू लागल्या.

चौथा पाटील बकऱ्यांवाला नेपाळी. त्याच्या बकऱ्या गाडीच्या मागं, म्हणून ह्या खेपेला त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो रुसून गाडीपुढं येऊन उभा! लतीफभाईंनी त्याला सलाम केला. "चाचा, आगे आप चलो. साइड दिखाओ." चाचा काठी उंचावून ट्रेलरपुढं चालू लागले.

"डावीकडं घ्या, डावीकडं!" देशमुख सर टेबलावर हात आपटत होते. जसं काही स्टिअरिंग त्यांच्याच हातात.

उजेड होता तोवर जनरेटर दवाखान्याच्या आवारात उतरला. लतीफभाईंनी फोटो पाठवला. फुलमनीनं तो माझ्याकडून मागून घेतला.

लाइनवरची तीन माणसं उचलली म्हणून सुपरवायझरनं माझी तक्रार केली. ती खरीच होती. पण आता नव्या जिल्ह्यात गाडी सोडायची असली, की नकाशा उघडण्याआधी मी लाइनवर चक्कर मारते. सर ह्याला टाइमपास म्हणतात. म्हणू देत.