आबांच्या कानामागचं आवाळू

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या कानामागे आवाळू होतं. सुपारीएवढं, कठीण. आमच्या वडिवळ्यात म्हणायचे, आवाळूवाला माणूस नशीबवान. नशीब काही कुठे दिसलं नाही, पण आवाळू मात्र फार उपयोगाचं होतं. मला खांद्यावर घेऊन आबा भातखाचरांच्या बांधावरून निघाले की मी ते बोटाने दाबायची आणि आबा लांबलचक शीळ घालायचे. कामशेतच्या गाडीची शिट्टी! दाबलं की शीळ, हा आमचा नियम. कितीही दमलेले असले तरी आबांनी तो मोडला नाही. ते दिवस आठवले की अजून माझं बोट शिवशिवतं.

त्या खांद्यावरून उतरून जमाना झाला. आता मी तळेगावात शिक्षिका, केसांना मेंदी लावणारी. गेल्या वर्षी आबा फोन फक्त उजव्या कानाला लावायला लागले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आवाळू वाढलंय, आबा. दाखवून येऊ."

"लय वर्साचा सोबती हाय त्यो. ऱ्हाऊ दे की."

मी ऐकते होय?

स्कॅन केल्यावर कळलं, ते साधं आवाळू नव्हतंच. गाठ कानामागच्या हाडात होती आणि हळूहळू हाड पोखरत होती. कॅन्सर नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण अशी गाठ फार क्वचित दिसते. काढायला हवी. मात्र चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होऊ शकतं.

आबांनी एकच विचारलं, "शीळ घालता यील का?"

बाईंना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मला रडू आवरेना.

ऑपरेशननंतर आबा नीट शुद्धीवर आले तशा बाई तपासायला आल्या. डोळे मिटा. गाल फुगवा. आता शीळ घाला बघू.

आबांनी ओठांचा चंबू केला. नुसती हवा. पुन्हा केला, पुन्हा हवाच. ऑपरेशनचा हट्ट माझाच होता ना.

आबांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "बटान तर काढून घ्येतलं. आता वाजंल कशी?"

मेली ही थट्टा, इथेसुद्धा! मी चिडले, आणि तरी हात पुढे गेला. पट्टीखालून डोकावणाऱ्या कानाच्या पाळीवर बोट टेकवलं आणि हळूच दाबलं.

शीळ वाजली. बारीक होती, पण लांबलचक. बाई हसायला लागल्या, आणि मी आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.