उंची वाढली तेव्हा

मी सातवीत असताना आई आणि मी कराड सोडून ठाण्याला आलो, माझ्या जिमनॅस्टिक्ससाठी. राहायला ठाकुर्लीला, कारण ठाण्यातली भाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. पहिल्या दिवशी एसटीतून ठाण्याच्या खोपट स्टँडला उतरलो आणि सामानासकट आधी जिमनॅस्टिक्सच्या हॉलवरच गेलो. तिथल्या कोच मॅडमनी संध्याकाळच्या प्रॅक्टिसलाच यायला सांगितलेलं. आई बॅगा आणि गुंडाळलेली गादी जवळ घेऊन भिंतीला टेकून बसली, मी कपडे बदलून मॅटवर गेले. नवीन घर आम्ही त्यानंतर पाहिलं.

माझा प्रकार तिघींचा. सगळ्यात खाली बेस, मध्ये मिडल, सगळ्यात वर टॉप. खालच्या दोघी वरचीला उचलतात, हवेत फेकतात आणि झेलतात. वरची त्यांच्या हातांवर उलटी उभी राहते, हवेत कोलांटी मारते आणि संगीत संपेपर्यंत हसत राहते. टॉप लहानखुरी लागते. मी होते. शाळेच्या रांगेत कायम पहिली. कराडला शाळेच्या सरांनी मला शिकवलं, पण माझ्या जोडीला दोघी मिळेनात. एका स्पर्धेत ठाण्याच्या मॅडमनी मला पाहिलं आणि बाबांना फोन केला. त्यांच्या गटातली टॉप मोठी झालेली, त्यांना नवीन हवी होती. "मोठी झालेली" या शब्दांकडे आमच्या घरात कुणाचं लक्ष गेलं नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात. त्यांना येणं शक्य नव्हतं. फोन ठेवून ते आईला म्हणाले, "तू जा हिच्याबरोबर." आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिने विचारलं, "किती दिवस?"

"बघू," बाबा म्हणाले.

पहिले काही महिने मला रोज भीती वाटायची. बेस होती डोंबिवलीची एक कॉलेजातली मुलगी, आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो. तिचे खांदे रुंद, आवाज मोठा. फेकायच्या आधी ती खालून ओरडायची, "डोळे मिटू नको हां! आपण आहोत ना खाली!" ती कधी चुकली नाही. एकदा माझं कोपर तिच्या नाकावर आपटलं, रक्त आलं, तरी तिने आधी मला नीट खाली ठेवलं आणि मग नाक धरलं. त्या दिवसानंतर माझी भीती गेली. पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत आम्ही दुसऱ्या आलो.

आई सुरुवातीला संध्याकाळभर हॉलमध्ये इतर मुलींच्या आयांबरोबर बसायची. ती बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली, पण शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आतच लग्न झालं आणि ते शिक्षण तिथंच राहिलं. हॉलमधल्या एका बाईंचे मिस्टर मानपाड्याजवळच्या एमआयडीसीत होते. त्यांच्या ओळखीच्या एका कंपनीला लॅबमध्ये माणूस हवं होतं. आई मुलाखत देऊन आली, मग बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "चांगलंय, तेवढाच वेळ जाईल." दिवाळीनंतर तिला कायम केलं. आता ती सकाळी माझ्याआधी निघायची. जेवताना मला सांगायची, आज कुठल्या ड्रममधला माल परत पाठवला, मॅनेजर कसा चिडला आणि ती कशी ऐकली नाही. कराडला ती जेवताना एवढं बोलायची नाही.

नववीत माझी उंची वाढायला लागली. आधी गणवेश आखूड झाला, मग बूट. ताईला माझं वजन जाणवायला लागलं. "काय खातेस गं यार तू," ती हसत म्हणायची, पण प्रॅक्टिस झाली की मनगटाला बर्फ लावून बसायची. मी रात्रीची भाकरी बंद केली. आईच्या ते लगेच लक्षात आलं. तिने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि मी संपवेपर्यंत उठली नाही. "हाडं वाढताहेत तुझी," ती म्हणाली. "उपाशी राहून हाडं थांबत नाहीत."

वार्षिक परीक्षेच्या आधी मॅडमनी मला बाजूला बोलावलं. त्या गोल गोल बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "तुझी काही चूक नाही. पण टॉप म्हणून तू आता चालणार नाहीस. नांदेडकडची एक मुलगी येतेय. तुझ्यासाठी काही जागा निघते का ते मी बघते."

ती मुलगी दहा वर्षांची होती. तिच्या धाकट्या भावाला सोडून तिच्या आईला येता येईना, वडिलांचं किराणा दुकान. तिच्या राहण्याची सोय होईना तेव्हा मॅडमनी आईला विचारलं, आणि आई हो म्हणाली. मला न विचारता. म्हणजे माझी जागा घेणारी मुलगी माझ्याच खोलीत, माझ्या शेजारी झोपायला आली. मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. मी हॉलवर जाणंही सोडून दिलं, आणि बाबांना फोन करून सांगितलं की मला घरी यायचंय.

बाबा रविवारी आले. जेवणं झाल्यावर म्हणाले, "मग आता इथलं आवरायला घेऊ. दहावी कराडलाच करेल ती."

आई म्हणाली, "तिला यायचं असेल तर घेऊन जा. मी नाही येत."

बाबांना वाटलं ती रागावलीय. "बरं, आपण नंतर बोलू."

"मी रागाने नाही बोलत हो. मला ते काम आवडतं. परत येऊन मी तिथं काय करू, सांगा ना."

"घर आहे तुझं तिथं."

"आहेच की. सुट्टीला येईन."

"आणि मी?"

"तुम्ही बदली मागा. मला 'जा' म्हणालात, तेव्हा मी आले ना?"

नांदेडची मुलगी खाली मान घालून ताक पीत होती. मी आईकडे बघत होते. ती असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं, आणि बाबांनाही नसावं. संध्याकाळी बाबा परत जायला निघाले तेव्हा मला म्हणाले, "तुझं काय? येतेस?" मी नाही म्हणाले. खेळासाठी नव्हे, आईला इथं एकटीला ठेवून कराडच्या घरात मी काय केलं असतं ते माझ्या डोळ्यांसमोर येईना.

मधल्या काळात हॉलवर नवीन मुलीचं काही जमत नव्हतं. एका फेकीत ती मॅटच्या कडेला पडली आणि हनुवटी फुटली. तेव्हापासून ती हातांवर चढायची, पण फेकायची वेळ आली की खाली बसायची. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "दीदी, तुला भ्या वाटत होतं का गं?"

"रोज," मी म्हणाले.

"मग काय करत होतीस?"

मी तिला ताईच्या नाकाची गोष्ट सांगितली. ती एवढी हसली की हनुवटीचे टाके दुखले म्हणून रडली. मग मलाही हसू आलं. त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो.

पुढे आमच्या गटातली मिडल बारावीमुळे थांबली. मॅडमचा फोन आला, "थोडे दिवस उभी राहशील का तिच्या जागी? जमलं तर बघू." मी गेले. ताईसमोर उभी राहून तिची मनगटं धरली आणि ती पोरगी आमच्या हातांवर चढली. इतकी वर्षं मी वरून खाली बघत आलेले. खालून ती फारच लहान दिसत होती, तिचे पाय थरथरत होते, आणि ते थरथरणं माझ्या हातांपर्यंत येत होतं. कुठल्या क्षणी तिची मान खाली जाईल हे मला ठाऊक होतं, कारण माझीही तेव्हाच जायची. मी त्याच्या थोडंसं आधी म्हणाले, "समोरचा पंखा बघ." तिने बघितलं. आम्ही फेकलं. ती आली ती सरळ, आणि आमच्या हातांत बसली. ताई ओरडली, "झालं की गं!"

मिडलचं काम शिकायला मला बराच वेळ लागला. खांदे दुखायचे, दहावीचा अभ्यास मागे पडायचा. पण आम्ही तिघी टिकलो. अकरावीत राज्य स्पर्धा जिंकलो. राष्ट्रीयला मधेच कुठेतरी आलो, तरी मॅडम खूश होत्या.

तिथंच एका परराज्यातल्या मोठ्या अकादमीच्या कोचने आमची टॉप पाहिली. त्यांनी तिच्या वडिलांना फोन केला. ते दुकान बंद करून आमच्याकडे आले आणि चहा घेता घेता आईला विचारलं, "वहिनी, काय करावं म्हणता?"

आई म्हणाली, "तिला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. त्यांनी तिला बोलावलं. ती दारात उभी राहिली, जरा विचार केला आणि म्हणाली, "पप्पा, तिथं उंच झाल्यावर काय करतेत ते विचारा आधी."

वडिलांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. कोच साहेब बराच वेळ सुविधांबद्दल बोलले. हॉस्टेल, खुराक, परदेश दौरे. उंचीचं विचारलं तर म्हणाले, "वो तो तब की तब देखेंगे."

"मला नाही जायचं," ती म्हणाली आणि आत अभ्यासाला गेली.

ती आमच्याकडे दहावीपर्यंत राहिली. मध्यंतरी तीही उंच झाली, आणि ताई नोकरीला लागल्यावर मी बेस झाले आणि ती मिडल. आता मी फिजिओथेरपी शिकतेय. बाबांना शेवटी ठाण्याला बदली मिळाली. आईची दुपारची शिफ्ट असली की स्वयंपाक त्यांच्याकडे असतो. आमटी त्यांना अजून जमत नाही, पण ते ती दर वेळी करतात आणि आई आल्यावर तिला विचारतात की आज काय कमी पडलं.