बाद गिल्डरचा पहिला नंबर

बंद पडलेल्या चलनावर 'चालू' अशी चिठ्ठी लावून मी ते जयपूरच्या प्रदर्शनात घेऊन गेलो. तेही साताऱ्याहून, बॅगेला दोन कुलपं घालून.

नोटा-नाणी जमवणाऱ्यांचं ते प्रदर्शन. नोटा लावलेल्या माझ्या चौकटीचा मथळा होता 'कॅरिबियन बेटांची चालू चलनं'. आजवर उत्तेजनार्थ बक्षिसावर भागवलं होतं. या खेपेला पहिला नंबर आणायचाच होता. जयपूरच्या सोडाला भागात ताईकडे उतरलो. ताई इथे डॉक्टर, पण तिच्या मराठीला हिंदीची जी बाधा झालीय तिच्यावर इलाज नाही. सकाळी तिने प्याज कचोरी (कांद्याचं सारण भरलेली) खाऊ घातली आणि सिव्हिल लाइन्सजवळच्या हॉलवर सोबत आली.

शेजारी संस्थानी नाणी मांडून बसलेले अग्रवालजी माझ्या कुरासाव बेटाच्या नोटेपाशी, म्हणजे तिथल्या गिल्डरपाशी, थांबले.

"भाईसाहब, ये गिल्डर तो बंद हो गया."

"बंद कैसे? ये देखिए, हमारे पास है ना," मी समजूत घातली.

त्यांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. नोटेवर नाव नेदरलँड्स अँटिल्सचं. तो देश कधीच मोडला होता. तरी कुरासाव आणि सिंट मार्टेन ही बेटं त्याच्याच नावाचा गिल्डर वर्षानुवर्षं वापरत राहिली. आता त्याच किमतीचा 'कॅरिबियन गिल्डर' आलाय. जुना दुकानात चालत नाही, मध्यवर्ती बँक तेवढी बदलून देते.

चुकीची माहिती म्हणजे चौकट बाद. परीक्षक बाई दोन टेबलांच्या अंतरावर आल्या होत्या. मी घाईघाईने नोट उपसायला लागलो.

"काढू नकोस, भगदाड दिसेल," ताई म्हणाली. "चिठ्ठी उलटी कर. मतलब, जे झालं तेच लिही ना."

मी हिंदीत लिहिलं: 'देश गेला, तरी त्याच्या नावाने ही नोट बाजार करत राहिली. आता नाव नवं, किंमत तीच. ही दुकानांतून निवृत्त.' मथळ्यातल्या 'चालू'वर अग्रवालजींनी स्वतःजवळची कोरी पट्टी चिकटवली.

परीक्षक बाईंनी चिठ्ठी वाचली, नोट पाहिली, पुन्हा चिठ्ठी वाचली. संध्याकाळी पहिला नंबर माझा. दुसरे आलेल्या अग्रवालजींनीच सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

परतताना स्टेशनवर मी बक्षिसाची ढाल खाली ठेवायला तयार नव्हतो. ताईला म्हटलं, "देश मोडला तरी लोकांचा भरवसा होता म्हणून ती नोट टिकली. माणसाचंही तसंच असतं बघ."

"नंबर गिल्डरचा आलाय, राजा," ताई म्हणाली. "तू नुसता चुकलास."