बाबांचा डाव आणि जुना झालेला ब्राउझर

त्या सकाळी बाबांनी मला अशी हाक मारली की मला वाटलं, पडलेच. धावत गेले तर ते खुर्चीत धडधाकट बसलेले. संगणक सुरू होता, त्याचा पंखा रोजच्यासारखा घरघरत होता, फक्त बुद्धिबळाच्या पटाच्या जागी पांढरा पडदा होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचा ब्राउझर फार जुना झाला आहे, कृपया नवा घ्यावा.

"मग घे की नवा," बाबा म्हणाले. "सीपरी बाजारात मिळेल. जल्दी जा."

बाबा निवृत्त झाल्यापासून त्या साइटवर एकाच माणसाशी खेळतात. दिवसाला एक चाल, तिकडून एक, इकडून एक. त्या माणसाचं नाव-गाव आम्हाला माहीत नाही. नावाच्या जागी त्याने नुसते आकडे टाकले आहेत. बाबा त्याला 'तिकडचे' म्हणतात आणि दर वेळी आई पदर तोंडाला लावून हसते, कारण तिच्या सासूबाई आजोबांबद्दल अशाच बोलायच्या. एवढ्या वर्षांत बाबा एकदाही जिंकले नव्हते. आता जिंकत होते. त्यांचा घोडा एका ठरावीक घरात गेला की तिकडच्यांचा वजीर पडणार होता. पण चाल उद्या संध्याकाळपर्यंत झाली नाही तर साइट डाव काढून घेणार आणि बाबा हरले असं जाहीर करणार.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक तारेची जबाबदारी माझ्यावर. खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी ब्राउझर अद्ययावत करायला गेले तर तो म्हणाला, आधी संगणक अद्ययावत करा. संगणक म्हणाला, मला आता कंपनीचा पाठिंबा नाही, माझं काही होणार नाही. बरं, दुसरा ब्राउझर उतरवून घ्यावा तर त्याचं पान उघडेना, का तर आमचा ब्राउझर जुना. म्हणजे ब्राउझर आणायला आधी ब्राउझर पाहिजे! माझं डोकं गरगरायला लागलं.

मग सुचलं, माझ्या मोबाइलवर खेळू देत. साइटने पासवर्ड विचारला.

"पासवर्ड कसला?" बाबा म्हणाले. "मी दाबतो, ते उघडतं."

"पहिल्यांदा कुठला ईमेल दिला होता?"

"ऑफिसचा."

तो निवृत्तीबरोबर बंद झालेला. म्हणजे पासवर्ड जगात एकाच जागी होता, त्या घरघरणाऱ्या डब्यात. सीपरीतल्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मैडम जी, इसमें अब कुछ नहीं बचा, नया ले लीजिए." मी फोन आपटला. नवा घ्यायला माझी ना नव्हती, पण नव्याला बाबांचा पासवर्ड कोण सांगणार?

दुपारी मोबाइलवर एक ब्राउझर उतरवला आणि तारेने संगणकात घातला. तो चालेना. हा चौसष्टवाला आहे, तुमचा संगणक बत्तीसवाला आहे, असं काहीसं म्हणत होता. मी ते मोठ्याने वाचलं तसे बाबा ताठ बसले.

"बरोबर आहे. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे."

"बाबा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. क्षणभर मला खरंच वाटलं, असेल बुवा.

संध्याकाळी कळलं की जगात काही हौशी मंडळी जुन्या संगणकांसाठी म्हणून वेगळे ब्राउझर बनवतात. त्यातला एक बत्तीसवाला देवाचं नाव घेऊन आणला. तो उघडला! पण कुठल्याही साइटवर जा, धोका, धोका म्हणून लाल पाटी. मी अगदी रडकुंडीला आले. शेवटी आईनेच चष्मा सावरत विचारलं, "अगं, त्यात तारीख ही कुठली?" संगणकाचं घड्याळ कितीतरी वर्षं मागे पडलं होतं. तारखेचा आणि धोक्याचा काय संबंध, ते मला आजही कळलेलं नाही. तारीख सुधारली, पाट्या गेल्या. नव्या ब्राउझरने विचारलं, जुन्यातले पासवर्ड आणू का? आण रे बाबा, आण.

पट दिसला. बाबांनी श्वास रोखून घोडा उचलला आणि त्या घरात ठेवला. मी टाळी वाजवली.

मग आमचं लक्ष उजवीकडे गेलं. तिथे एक पट्टी होती, आम्ही कधीच न पाहिलेली. जुन्या ब्राउझरला ती दाखवता येत नसावी. पट्टीत हिंदीत लिहिलं होतं, सगळं तिकडून आलेलं. "तबीयत ठीक है न आपकी?" हे आजचं. मी वर वर सरकत गेले. "वाह साहब, क्या चाल थी." "दिवाली की शुभकामनाएँ." "आज यहाँ सुबह से लाइट नहीं है." पट्टी संपेचना. वर्षानुवर्षांचं होतं ते, आणि इकडून एक अक्षर नाही. अगदी वरच्या टोकाला, पहिल्या डावाच्या दिवशीचं: "आप कहाँ से हैं?"

आई येऊन मागे उभी राहिली.

"आणि मी समजत होतो, घमेंडी आहे माणूस," बाबा हळूच म्हणाले. मग म्हणाले, "लिही. माफ़ कीजिए, हमारे कंप्यूटर में दिखता नहीं था. तबीयत ठीक है. हम झाँसी से हैं."

मी लिहिलं. उत्तर इतक्या लवकर आलं की ते तिकडे बसूनच असावेत.

"हमें लगा आप हमसे नाराज़ हैं. पर आप रोज़ खेलते थे, तो हम भी खेलते रहे."

बाबांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. त्याच्याच खाली तिकडची चाल आली. वजीर समोर उघडा पडला होता. मी माऊस त्यांच्या हातात दिला, पण त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"थांब जरा," ते म्हणाले. "आधी विचार त्यांना, जेवण झालं का."